अस्तराची साक्ष

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. माझी आई वाईकडून आमच्याकडे, येथे ओडिशात, चार महिने राहावयास आली होती. तिचे वय त्रेसष्ट. पाळी जाऊन तेरा वर्षे झालेली. एके सकाळी दोरीवर वाळत घातलेल्या तिच्या पातळावर एक फिकट डाग माझ्या दृष्टीस पडला. विचारले तेव्हा प्रथम ती काही बोलली नाही. मग तोंड फिरवून म्हणाली, “अगं, तीन महिने झाले. अधूनमधून दिसतं. उष्णतेचं असेल. या वयात कुणाला सांगत बसू?”

दुसऱ्या दिवशी मी तिला रुग्णालयात घेऊन गेले. ध्वनिलहरींनी पोटाची तपासणी झाली आणि गर्भाशयाचे अस्तर असावे त्याहून जाड आहे, असे निघाले. डॉक्टरीणबाईंनी एका चिठ्ठीवर इंग्रजीत दोन शब्द लिहिले, हिंदीतून घाईघाईने दोन वाक्ये सांगितली आणि पुढच्या रुग्णाला हाक मारली. परिचारिकेने ओडियातून आणखी काही सांगितले. आई माझ्याकडे पाहत राहिली. “काय म्हणाल्या गं? पोट कापणार का?”

तिच्या या साध्या प्रश्नाचे मला उत्तर देता आले नाही. इतिहास हा विषय घेऊन मी पदवी मिळविली आहे. कचेरीत दिवसभर दुसऱ्यांच्या अर्जांवर टिपणे लिहिण्यात माझे आयुष्य चालले आहे. परंतु स्वतःच्या आईला, तिच्याच भाषेत, तिच्याच शरीराविषयी सांगावयाची दहा वाक्ये माझ्यापाशी नव्हती. या अवयवाभोवती आपल्याकडे शब्द पुष्कळ आहेत, पण ते बहुतेक आडपडद्याचे. ‘कावळा शिवला’, ‘बाजूला बसली’, ‘पिशवीचा त्रास आहे’ एवढ्यावर आपले बोलणे थांबते. त्या रात्री मी वाचावयास बसले ते तपासणीची माहिती मिळावी म्हणून. हळूहळू हाती आला तो एका इतिहासाचा धागा. घरापासून दूर, परभाषिक रुग्णालयांच्या बाकांवर आपल्या माणसांना घेऊन बसण्याचा प्रसंग ज्यांच्यावर येतो, अशा वाचकांपुढे तो ठेवावासा वाटतो.

या इतिहासाचा आरंभ बराच जुना आहे. वाग्भटाच्या ‘अष्टांगहृदया’त शस्त्रवैद्याच्या यंत्रांचे वर्णन करणारा एक अध्याय आहे. त्यात ‘योनिव्रणेक्षण’ नावाचे एक यंत्र येते. ते सोळा अंगुळे लांब, मध्ये पोकळ, चार पाकळ्यांचे असून त्याचे तोंड कमळाच्या कळीसारखे असते. इसवी सन ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या पाँपेई नगरीच्या उत्खननातही याच कामाची, मळसूत्र फिरवून पाती उघडणारी कांस्याची यंत्रे सापडली आहेत. म्हणजे दोन दूरच्या संस्कृतींना एकच गरज भासली होती. परंतु या यंत्रांनी फार तर दार दिसे. आतले दालन अंधारातच राही. गर्भाशयाच्या पोकळीत काय चालले आहे, हे जिवंत स्त्रीच्या बाबतीत पुढे कित्येक शतके कोणास पाहता आले नाही.

त्या दालनात पहिले साधन शिरले ते पाहण्यासाठी नव्हे, खरवडण्यासाठी. पॅरिसचे वैद्य जोझेफ रेकामिए यांनी १८४३ च्या सुमारास लांब दांड्याची, टोकाला चमच्यासारखी असलेली एक खरवडणी वापरात आणली. फ्रेंच भाषेतील तिचे नाव ‘क्युरेट’. आपल्या आया-मावश्या ज्याला ‘क्युरेटिंग’ म्हणतात, तो शब्द येथून निघाला. रक्तस्राव होत असेल तर आत काहीतरी वाईट वाढले असणार, ते खरवडून काढावे, हा त्यामागचा विचार. जे निघे ते तपासावयाचे असते ही कल्पना तेव्हा रुजली नव्हती. पुराव्याचाच कचरा म्हणून नाश होत होता, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही.

याच दशकात अटलांटिकच्या पलीकडे आणखी एक प्रकरण घडले. अमेरिकेतील अलाबामा प्रांतात, माँटगोमेरी गावी, जेम्स मॅरियन सिम्स या डॉक्टराने १८४५ ते १८४९ या काळात गुलाम स्त्रियांवर शस्त्रक्रियेचे प्रयोग केले. त्यांपैकी तिघींची नावे इतिहासाला ठाऊक आहेत: अनार्का, बेट्सी आणि लूसी. एकट्या अनार्कावर सुमारे तीस वेळा शस्त्रक्रिया झाली, आणि तीही गुंगीचे औषध न देता. त्या प्रयोगांतून पुढे आलेले, दोन्ही टोकांना वाकवलेले पात्याचे यंत्र आजही ‘सिम्सचे स्पेक्युलम’ या नावाने आपल्या रुग्णालयांत रोज वापरले जाते. न्यूयॉर्कमधील सेंट्रल पार्कात उभा असलेला सिम्सचा पुतळा २०१८ च्या एप्रिलमध्ये हलविण्यात आला. आणि २०२१ मध्ये माँटगोमेरीत त्या तिघींचीच शिल्पे उभी राहिली. यंत्राचा उपयोग त्यामुळे खोटा ठरत नाही. परंतु स्त्रीच्या वेदनेची नोंद या शास्त्राच्या वहीत आरंभापासून घेतली गेली नाही, ही गोष्ट इतिहासाच्या विद्यार्थ्याने विसरू नये.

खरवडीचा पुरावा झाला तो सूक्ष्मदर्शकामुळे. बर्लिनमध्ये कार्ल रुगे आणि योहान फाइट यांनी १८७० नंतरच्या दशकात गर्भाशयातील संशयित भागाचा तुकडा काढून, तो सूक्ष्मदर्शकाखाली पाहून कर्करोगाचे निदान करण्याची पद्धत पुढे आणली. बोटांना काय लागते आणि डोळ्यांना काय दिसते, एवढ्यावर निकाल देण्याची सवय असलेल्या जुन्या शस्त्रवैद्यांना नखाएवढ्या तुकड्यावर विश्वास ठेवणे जड गेले असल्यास नवल नाही. जिवंत शरीरातील तुकडा पाहण्याच्या या क्रियेला १८७९ मध्ये फ्रेंच वैद्य एर्नेस्त बेनिए यांनी ‘बायॉप्सी’ हे नाव दिले. ग्रीक भाषेत त्याचा अर्थ ‘जीवाचे दर्शन’. आपल्याकडे आजही त्याला ‘तुकडा तपासायला पाठवला’ असेच म्हणतात, आणि ते भाषांतर वाईट नाही.

परंतु पुरावा हाती आला म्हणजे तो वाचता येतोच असे नाही. गर्भाशयाचे अस्तर हा शरीरातील एक विलक्षण पदार्थ आहे. ते दर महिन्यास नव्याने वाढते, जाड होते, रसाने भरते आणि शेवटी गळून पडते. त्यामुळे महिन्याच्या पाचव्या दिवशी काढलेला तुकडा आणि पंचविसाव्या दिवशी काढलेला तुकडा एकाच स्त्रीचे आहेत, हे सांगूनही खरे वाटू नये. एकोणिसाव्या शतकातील तज्ज्ञांपुढे हे तुकडे आले तेव्हा त्यांतील भेद पाहून त्यांनी ठरविले की हे दाहाचे निरनिराळे प्रकार आहेत. फुगलेल्या ग्रंथी म्हणजे एक रोग, सुजलेला पाया म्हणजे दुसरा. अशी मोठी वर्गवारी तयार झाली आणि तिच्या आधारे असंख्य निरोगी स्त्रियांची गर्भाशये ‘दाह’ बरा करण्यासाठी खरवडली गेली.

हा भ्रम १९०८ मध्ये व्हिएन्नाच्या फ्रिट्झ हिट्शमान आणि लुडविग आडलर यांनी दूर केला. त्यांनी केलेली गोष्ट ऐकावयास अगदी साधी आहे. तुकडा पाहताना त्यांनी त्याबरोबर आणखी एक प्रश्न विचारला: हा पाळीच्या कितव्या दिवशी काढला? दिवसांच्या क्रमाने तुकडे मांडताच ज्याला रोगांची यादी समजत होते, ती एकाच निरोगी चक्राची पाने निघाली. कचेरीत काम करणाऱ्यास या शोधाचे मर्म चटकन कळावे. तारीख नसलेला कागद कितीही नीट वाचला तरी त्याचा अर्थ चुकण्याचा संभव असतो. गर्भाशयाच्या अस्तराविषयी कित्येक वर्षे नेमके हेच घडले होते.

यानंतर प्रश्न उरला तो तुकडा काढण्याच्या रीतीचा. जुन्या रीतीत गर्भाशयाचे तोंड रुंद करून, गुंगी देऊन खरवडावे लागे. अमेरिकेतील बाल्टिमोरचे एमिल नोव्हाक यांनी १९३५ मध्ये धातूची एक बारीक पोकळ नळी प्रसिद्ध केली. तिच्या टोकाजवळ दातेरी खाच असे आणि मागून ओढ दिली की अस्तराची पट्टी आत येई. बहुतेक वेळी गुंगीची गरज उरली नाही. पुढे बोस्टनजवळच्या ब्रुकलाइन येथील रुग्णालयात जॉन रॉक, आर्थर हर्टिग आणि रॉबर्ट नॉइज यांनी अशा तुकड्यांचा बारकाईने अभ्यास केला आणि १९५० मध्ये अस्तराची ‘तारीख’ ठरविण्याचे कोष्टक प्रसिद्ध केले. बीज सुटल्यावर दोन-तीन दिवसांनी ग्रंथींच्या पेशींत केंद्राखाली पोकळ ठिपके दिसतात. बाविसाव्या दिवसाच्या सुमारास पाया सर्वांत अधिक सुजतो. पाळी जवळ आली की पांढऱ्या पेशी गर्दी करतात. अशा खुणांवरून तुकड्याचा दिवस सांगता येऊ लागला. पुढील अर्धशतक मूल न होणाऱ्या स्त्रियांची ही तपासणी जगभर नित्यनेमाने होत राहिली. ‘अस्तर मागे पडले आहे’ असा निकाल म्हणजे वांझपणाचे कारण सापडले, अशी समजूत होती.

मग २००४ मध्ये अमेरिकेत अनेक केंद्रांनी मिळून केलेल्या अभ्यासाचा निष्कर्ष आला. ज्यांना मुले होतात अशा आणि ज्यांना होत नाहीत अशा स्त्रियांच्या अस्तरांच्या तारखा पाहून त्यांच्यात भेद करता येत नाही, असे त्यात दिसून आले. तेव्हापासून केवळ तारीख ठरविण्यासाठी हा तुकडा काढणे मागे पडले. कोष्टक बरोबर होते, खुणाही खऱ्या होत्या. परंतु त्यांना विचारलेला प्रश्न त्यांच्या आवाक्याबाहेरचा होता. पुरावा सच्चा असूनही प्रश्न चुकला तर उत्तर फसते, याचे याहून चांगले उदाहरण मला आढळलेले नाही.

आपल्या देशात मात्र या तपासणीला आणखी एक काम होते आणि ते अद्याप संपलेले नाही. ते म्हणजे गर्भाशयाचा क्षय. तो पुष्कळदा कसलीही वेदना न देता स्त्रीला निपुत्रिक करतो. अस्तर दर महिन्यास गळून पडत असल्याने क्षयाच्या गाठींना त्यात वाढावयास थोडेच दिवस मिळतात. म्हणून त्यासाठी तुकडा पाळी येण्याच्या अगदी आधी काढतात. त्याचा एक भाग फॉर्मॅलिनमध्ये आणि दुसरा, जंतू वाढवून पाहता यावेत म्हणून, साध्या मिठाच्या पाण्यात पाठवितात. बाटली चुकली तर जंतू मरतात आणि निकाल निरर्थक होतो.

येथे आपल्या माणसांची आठवण होणे स्वाभाविक आहे. तुकडा वाचण्याचे शास्त्र या देशात ज्यांनी रुजविले, त्या वसंत रामजी खानोलकरांना भारतीय विकृतिशास्त्राचे जनक म्हणतात; मुंबईत १९४१ मध्ये सुरू झालेल्या टाटा स्मारक रुग्णालयातील त्यांचे कार्य सर्वश्रुत आहे. पण तुकडा सूक्ष्मदर्शकापर्यंत पोहोचण्यासाठी आधी स्त्री डॉक्टरांपर्यंत पोहोचावी लागते. त्या वाटेवरचे पहिले पाऊल, योगायोगाने, बदलीच्या गावी राहणाऱ्या एका मराठी कारकुनाच्या घरातून पडले. गोपाळराव जोशी टपाल खात्यात होते. त्यांची बदली कलकत्त्याकडे झाली म्हणून आनंदीबाई बंगालात गेल्या आणि १८८३ मध्ये श्रीरामपूरच्या कॉलेजात त्यांनी आपण अमेरिकेस का जात आहोत हे जाहीर सभेत सांगितले. हिंदुस्थानात स्त्री-डॉक्टरांची गरज आहे, हे त्यांच्या बोलण्याचे सार होते. त्यांचे स्वतःचे मूल दहा दिवसांचे होऊन गेले होते. १८८६ मध्ये त्या डॉक्टर झाल्या आणि त्याच वर्षी मुंबईत स्त्रियांसाठी कामा रुग्णालय उघडले. पुढल्याच वर्षी आनंदीबाई गेल्या. बोलण्याची वाट मोकळी करण्याचे काम पुढे र. धों. कर्व्यांनी १९२७ पासून १९५३ पर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ मासिकातून केले, आणि त्यासाठी कोर्टाच्या पायऱ्याही चढल्या. एवढे होऊनही २१व्या शतकातील माझी आई तीन महिने गप्प राहिली आणि मला शब्द सापडले नाहीत, ही लाजिरवाणी गोष्ट येथे मांडली पाहिजे.

खरवडण्याच्या जुन्या पद्धतीवरचा विश्वासही काळाने तपासून पाहिला. १९७५ मध्ये स्टॉक आणि कनबूर या अमेरिकन डॉक्टरांनी, गर्भाशय काढण्यापूर्वी ते नेहमीप्रमाणे खरवडून घेतले आणि मग काढलेले गर्भाशय उघडून पाहिले. दहांपैकी सहा वेळा निम्म्याहून कमी पोकळी खरवडली गेली होती. गुंगी देऊन केलेले काम म्हणजे संपूर्ण काम, ही समजूत त्यामुळे डळमळली. १९८४ मध्ये फ्रान्सच्या कोर्निए यांनी ‘पिपेल’ नावाची, एकदा वापरून फेकून देण्याची, प्लास्टिकची लवचिक नळी प्रसिद्ध केली. तिची जाडी सुमारे तीन मिलिमीटर. आत एक दांडा. दांडा मागे ओढला की नळीत पोकळी निर्माण होते आणि टोकाच्या छिद्रातून अस्तराचे कण आत खेचले जातात. रेकामिएच्या खरवडणीपासून या नळीपर्यंत सुमारे एकशेचाळीस वर्षे लागली.

आईच्या प्रश्नाचे उत्तर मला या नळीपाशी सापडले. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा पिताना मी तिला सांगितले, ते येथे थोडक्यात देते. पोट कापत नाहीत; टाका पडत नाही; बहुधा गुंगीही देत नाहीत. पाळी चालू असणाऱ्या स्त्रीला दिवस गेलेले नाहीत याची खात्री आधी करून घेतात. रक्त पातळ करण्याचे औषध चालू असेल किंवा एखाद्या औषधाचे वावडे असेल, तर ते आधी सांगावे. डॉक्टरांना विचारून तासभर आधी वेदनाशामक गोळी घेता येते. टेबलावर निजल्यावर तपासणीचे यंत्र बसवितात, गर्भाशयाचे तोंड औषधाने पुसतात. कधी ते स्थिर राहावे म्हणून चिमट्याने धरतात, तेव्हा चिमटीत सापडल्यासारखे होते. मग नळी आत जाते आणि ती फिरवीत मागेपुढे करतात. प्रत्यक्ष तुकडा घेण्यास मिनिटभराहून फारसा अधिक वेळ लागत नाही. त्या मिनिटात ओटीपोटात पाळीच्या कळेसारखी कळ येते. कोणाला ती सोसण्याजोगी वाटते, कोणाला फार तीव्र. सोसवत नसेल तर ‘थांबा’ म्हणण्याचा अधिकार स्त्रीला आहे, आणि बधिर करण्याचे औषध किंवा गुंगी देऊन पुन्हा करता येते. नंतर क्षणभर घेरी येऊ शकते. म्हणून घाईने उठू नये, सोबतीला माणूस असावे. एक-दोन दिवस थोडे रक्त दिसते. ताप, फार रक्त जाणे, दुर्गंधी किंवा न थांबणारी पोटदुखी यांपैकी काही झाल्यास मात्र लगेच परत जावे. गर्भाशयाला इजा होणे किंवा जंतूंची बाधा होणे क्वचित घडते.

निकालास आठवडाभर किंवा थोडे अधिक लागते. कधीकधी, विशेषतः वृद्ध स्त्रियांत, ‘तुकडा अपुरा’ असा शेरा येतो. त्याचा अर्थ रोग आहे असा नव्हे, आणि नाही असाही नव्हे. रक्त पुन्हा दिसू लागले तर दुर्बिणीने आत पाहून पुन्हा तपासावे लागते. गर्भाशयाच्या तोंडाची पॅप तपासणी वेगळी. ती पूर्वी चांगली आली होती म्हणून या तपासणीची गरज संपत नाही. आणि सर्वांत महत्त्वाचे असे की पाळी गेल्यानंतर रक्त दिसणाऱ्या दहा स्त्रियांपैकी सुमारे नऊ जणींना कर्करोग नसतो. परंतु गर्भाशयाच्या अस्तराचा कर्करोग ज्यांना होतो, त्यांच्यापैकीही दहांतील सुमारे नऊ जणींना आधी ही रक्ताची खूण दिसलेली असते. पहिली गोष्ट धीर धरावयास पुरेशी आहे. दुसरी गप्प न बसावयास.

आईने सगळे ऐकून घेतले. “एवढंच ना?” ती म्हणाली, “मग काल तसं सांगितलं का नाही?”

तपासणीच्या वेळी मी बाहेर बसले होते. ती बाहेर आली तेव्हा चेहरा उतरलेला होता. “कळ आली, पण तू म्हणालीस तेवढीच,” असे म्हणून तिने माझा हात धरला. दहा दिवसांनी निकाल आला. कर्करोग नव्हता, परंतु त्याच्या उंबरठ्यावर पेशी उभ्या होत्या. तशाच राहू दिल्या असत्या तर पुढे काय झाले असते, हे डॉक्टरीणबाईंनी या वेळी सावकाश बसून सांगितले. महिन्याभरात शस्त्रक्रिया होऊन गर्भाशय काढले गेले. आता ती बरी आहे आणि वाईला परत गेली आहे.

परवा रविवारी दूरध्वनीवर बोलताना तिने सहज सांगितले, की गल्लीतल्या एका बाईंना घेऊन ती स्वतः साताऱ्याला रुग्णालयात जाऊन आली. त्या बाई वर्षभर लपवीत होत्या. “मी सांगितलं त्यांना,” आई म्हणाली, “बारीक नळी असते, पोट कापत नाहीत, मिनिटभर कळ येते. पण रक्त जातंय ते आधी तोंडानं सांगायला हवं.” हे सांगताना तिने कोणताही आडपडद्याचा शब्द वापरला नाही.